माळशेजचा उतार आणि माझे नवे ब्रेक

माझी आई माझ्या गाडीत बसत नव्हती. गाडी घेऊन दोन पावसाळे झाले, अर्ध्या गावानं बसून घेतलं, शेजारणीची बकरीसुद्धा माझ्या मागच्या सीटवरून शहापूरला गुरांच्या दवाखान्यात जाऊन आली. आई नाही. "मला यष्टी बरी," एवढंच तिचं म्हणणं.

तिला कारण होतं. मी लहान असताना मुरबाडच्या बाजाराहून परत येताना ती बसलेल्या जीपचा ब्रेक उतारावर गेला आणि जीप भाताच्या खाचरात उलटी झाली. जीव कुणाचा गेला नाही, पण आईचा खांदा निखळला तो निखळलाच, थंडीत अजून ठणकतो. तेव्हापासून लहान गाडी म्हटली की तिचे हातपाय गार पडतात.

आणि अशा बाईच्या पोटी मी जन्माला आले. हायवेवरच्या एका कारखान्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी पैसे भरून रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवते. "गोल गोल फिरायचे पैसे देते ही, बैल बी फुकट फिरतो," असं आई विहिरीवर सगळ्यांना सांगते. त्यावर मी भांडत नाही, कारण हसू येतं.

मागच्या उन्हाळ्यात ट्रॅकवर एका वळणाआधी मी ब्रेक दाबला आणि पेडल मऊ लोण्यात पाय गेल्यासारखं खाली गेलं. गवतात घुसून थांबले. तिथल्या जाणत्यांनी समजावलं, की ब्रेकचे रबरी पाइप तापले की फुगतात. वर ब्रेक ऑइल जुनं झालं की त्यात पाणी मुरतं, चाकाशी तापून त्या पाण्याची वाफ होते, आणि मग तुम्ही ऑइल नाही, नुसती वाफ दाबत बसता. म्हणून मी पैसे साठवून स्टीलच्या जाळीचे पाइप आणि जास्त ताप सोसणारं ऑइल मागवलं. ट्रॅकसाठी घेतलं असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला आईला त्या गाडीत बसवायचं होतं. तिला दाखवायचं होतं की तुझ्या मुलीच्या गाडीचा ब्रेक जात नसतो.

दसऱ्याला सकाळीच अंगणात काम काढलं. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत बघत होती. मी तिच्या हातात आधी जुना पाइप दिला, मग नवा. "हा बघ, दाबून बघ. फुगतो का?" तिनं दोन्ही दाबले, वास घेतला आणि परत दिले. चारही पाइप बसवले, बॉनेटखालचा ब्रेक ऑइलचा पांढरा डबा नव्या ऑइलनं भरला, आता फक्त आतली हवा काढायची राहिली होती, तर आईनं गिल्ला सुरू केला. पूजेची वेळ झाली, आंघोळ कर, ऑइलच्या हातानं देवाला शिवू नको. मी डब्यावर स्वच्छ फडकं टाकलं आणि न्हाणीत गेले. बाहेर आले तेव्हा गाडीला झेंडूचा हार, बॉनेटला हळदकुंकू, पान्यांवर अक्षता, सगळं साग्रसंगीत झालं होतं. मग वहिनीला पेडल दाबायला बसवलं. दाब. धर. सोड. एकेका चाकाची हवा काढली. पेडल असं कडक झालं की वा!

संध्याकाळी आई आपण होऊन म्हणाली, "मावशीकडं जायचं ना ओतूरला? तुझ्या गाडीनं जाऊ."

मी तिला उचलूनच घेतलं. "खांदा, खांदा!" ओरडली ती. त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता. माझं काम तिनं बघितलं, तिला पटलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी जाताना काहीच झालं नाही. सरळगाव, टोकावडे, मग चढण. आई दाराच्या वरचं हँडल धरून बसली होती, पण बसली होती. मावशीकडं जेवलो, डबे भरून घेतले आणि दुपार कलल्यावर परत निघालो.

घाट उतरायला लागलो तर पुढं भाजीचा भरलेला टेम्पो. ओव्हरटेकला जागा नाही, एका बाजूला कडा आणि दुसरीकडं कठडा. टेम्पो थांबत थांबत उतरतोय, म्हणून मीही ब्रेकवर. बोगदा मागं पडला. थोड्या वेळानं पेडल रोजच्यापेक्षा खाली गेल्यासारखं वाटलं. म्हटलं भास असेल. पुढच्या वळणावर आणखी खाली. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यात टाकली, इंजिन ओरडायला लागलं. डोक्यात एकच, की पाइप बसवताना माझं कुठं चुकलं? कुठला नट सैल राहिला? गळतंय का? आई शेजारी आहे, आणि ह्या बाईला मी हट्टानं गाडीत बसवलंय.

आईला कळलं. तिला जीपची आठवण असणारच. तिनं माझ्या पायाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "भिऊ नको गो बाय. मी आतमधी तीर्थ घातलंय."

"काय?"

"दसऱ्याच्या दिवशी. देवीचं. त्या पांढऱ्या डब्यात. तोंड उघडंच होतं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं डब्यात पाणी घातलं, आणि मी आणि वहिनीनं दाब-धर-सोड करत ते चारही चाकांपर्यंत पोचवलं. आता त्याची वाफ होत होती. पेडल दाबलं, ते तळाला टेकलं. हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि थोडा थोडा ओढत, पहिल्यात टाकत, गाडी कशीबशी पुढच्या मोकळ्या जागेत घेतली. दगडाला चाक लागलं तेव्हा थांबली. खाली उतरून आधी मोठा दगड पुढच्या चाकाला लावला, मग माझा आवाज फुटला.

"अगं वेड लागलंय का तुला? ब्रेकमध्ये पाणी? मेलो असतो आपण दोघी! कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

तिथं कणसं विकणारी बाई वळून बघायला लागली. "मला भ्या ब्रेकचंच वाटतं," आई म्हणाली, "मग ब्रेकातच नको घालू तर कुठं घालू?"

"मला विचारायचंस ना!"

"तू सांगितलं असतंस, नको. आन मग मी बसले नसते." तिनं पदर खोचला. "ते घातलं म्हणून तर बसले मी."

हे मला लागलं. इतकं लागलं की राग दुप्पट झाला. म्हणजे माझे पाइप, माझी मेहनत, सगळं गेलं उडत! तेवढ्यात वरून कल्याणकडं जाणारी यष्टी आली. मी रस्त्यात जाऊन हात केला. "जा तू. तुझी यष्टी आली. ही गाडी गार झाली की मी आणते." आई पिशवी घेऊन चढली. मला वाटलं, संपलं, ही आता जन्मात माझ्या गाडीत बसणार नाही.

यष्टी हलेना. आतून लोक ओरडायला लागले. शेवटी कंडक्टर खाली उतरला. "ताई, तुमची आई दारात उभी हाय. दार लावू देत नाय. म्हणते पोर मागं एकटी उतरणार, तिला घेऊनच चला." त्याच्यामागून ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "किती वेळ लागंल गार व्हायला? होऊ दे. मग आमच्या मागं पहिल्यात या. गेलाच ब्रेक तर टेकवा आमच्या बंपरला. आमची काय नवी हाय!"

पॅसेंजरांनी आम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या असणार. पण थांबले. वाफ निवून पेडल जरा वर आलं तसे निघालो. यष्टी पुढं मुंगीच्या चालीनं, मी मागं पहिल्या गिअरमध्ये. मागच्या काचेत आई उभी. बसलीच नाही. वळण आलं की तिचा तळहात खाली-वर व्हायचा, हळू, हळू. एका आखूड वळणावर यष्टी एकदम थांबली, समोरून ट्रेलर आला होता. मी पेडल दाबलं, काहीच नाही. हँडब्रेक ओढला, गाडी घसरत गेली आणि ठक्क! टेकली. आईचा तळहात काचेवर सपाट चिकटला होता, चेहरा पांढराफटक. मी खालून हात दाखवला, ठीक आहे. मग रडले, तिला दिसेल म्हणून तोंड वळवून.

घाट संपल्यावर सपाटीला यष्टी बाजूला घेतली. बंपरला पोचासुद्धा आला नव्हता, माझी नंबरप्लेट मात्र दुमडली होती. टोकावड्याचं गॅरेज थोडंच पुढं होतं, तिथवर चालत्या माणसाच्या वेगानं जाता आलं असतं. आईचं तिकीट सरळगावपर्यंतचं होतं. तरी ती उतरली, कंडक्टरला "जावा तुमी" म्हणाली, आणि येऊन माझ्या शेजारचं दार उघडलं.

"आई, ब्रेक अजून बरोबर नाही गं. गॅरेजपर्यंत मी एकटीच नेते."

"म्हाईत हाय." ती बसली, पिशवी मांडीवर घेतली, पट्टा ओढून लावला. "बरोबर असता तर यष्टीनं नसते का गेले?"