साकेवाल्यांच्या सुनेचं रक्त

मित्सुए इगाराशीला सुई टोचण्याआधी गप्पा मारायची खोड आहे. जपानमधल्या निगाता शहराजवळच्या आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती एकतीस वर्षं आहे, मी तिच्या शेजारी एकोणीस. रांग खोळंबते, मी चिडते, तिला ढिम्म फरक पडत नाही. पण त्या फेब्रुवारीत ही खोड नसती, तर शिनोबूबाई आजही दारुड्याच ठरल्या असत्या.

शिनोबू माकिता म्हणजे साके, आमची तांदळाची दारू, गाळणाऱ्या गावातल्या जुन्या कारखान्याची थोरली सून. तीन वर्षं यकृताचे आकडे चढलेले, अंगाला खाज. डॉक्टर म्हणायचे, पिणं सोडा. त्या मान खाली घालून हो म्हणायच्या. आकडे काही उतरेनात, म्हणून बाई चोरून पितात असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. खोटं कशाला बोलू, मीही.

त्या दिवशी मित्सुएने आम्ही सगळ्यांना विचारतो तेच विचारलं, "स्पिरिटच्या बोळ्याने कातडी लाल होते का हो?"

"होते ना. स्पिरिट कशाला, घोटभर साकेनेही तोंड लालेलाल होतं माझं." बाईंनी जीभ चावली.

"अगंबाई! आणि तपासणीच्या कागदावर रोज दोन पेले?"

"हळू बोला हो. साकेवाल्यांची सूनच पीत नाही म्हटलं, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? सासूबाई तर मला दारात उभं करणार नाहीत. पंचवीस वर्षं सणासुदीला पेल्यात पाणीच घेतेय मी."

"धन्य आहात! डॉक्टरांना आजच्या आज सांगा."

"नाही जमायचं. तुम्हीही सांगू नका."

"नाही सांगत. पण रक्तच बोललं, तर त्याचं तोंड मी दाबणार नाही."

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली शिनोबूबाईंच्या रक्ताची काच आली. शरीर स्वतःवरच उलटलं की रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. काचेवरच्या पेशींना ती जिथे चिकटतात, तिथे हिरवं चमकतं. डॉक्टरांनी फक्त पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं विचारली होती.

आमचे प्रमुख कुरोसेसाहेब म्हणाले, "केंद्रकं काळी. निगेटिव्ह. पुढची काच घ्या."

"केंद्रकं काळी, पण भोवती बघा की, साहेब. बारीक दाणे दाणे चमकतायत."

"विचारलंय तेवढंच सांगायचं, इगाराशी. निदान करणं आपलं काम नाही."

"निदान कुठे करतेय? दिसलं ते लिहितेय. डोळे मिटून बसायचा पगार नाही मिळत मला."

आमच्याकडे प्रमुखांना असं कोणी बोलत नाही. मी जमिनीकडे बघत राहिले. मित्सुएने अहवालावर लिहिलं : केंद्रकाबाहेर दाणेदार चमक; मायटोकॉन्ड्रियाविरुद्धची प्रतिपिंडंही तपासावीत. साहेबांच्या शिक्क्याशिवाय कागद पुढे जात नाही. ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. काच इकडेतिकडे सरकवून पाहिली. मग शिक्का मारला.

ती तपासणी चांगलीच पॉझिटिव्ह आली. यकृतातल्या पित्ताच्या बारीक नळ्या बाईंचं शरीर स्वतःच पोखरत होतं. दारूचा काही संबंध नव्हता. लवकर सापडला, तर रोजच्या गोळ्यांनी हा आजार आटोक्यात राहतो. डॉक्टरांनी सासूबाईंसमोरच विचारलं, "खरं सांगा, किती पिता?" आणि शिनोबूबाई एकदाच्या बोलल्या, "एक थेंबही नाही."

हे आम्हाला सासूबाईंनीच सांगितलं, जुलैत दोघी पुन्हा रक्त द्यायला आल्या तेव्हा. आकडे निम्म्यावर आले होते, खाज कमी झाली होती, बाईंना झोप लागायला लागली होती. मित्सुएचा चेहरा नुसता फुलला होता.

"साकेची पारख करणारी म्हणून गावभर मिरवते मी," म्हातारी म्हणाली, "आणि शेजारी बसून पंचवीस वर्षं ही पाणी पितेय, ते कळलं नाही." मग सुनेकडे वळली. "इतकी भीती वाटायची गं माझी?"

"वाटायची," शिनोबूबाई म्हणाल्या, आणि सुई लागायच्या आधीच त्यांचे डोळे भरून आले.

म्हातारीने स्वतःच्या हाताने सुनेची बाही वर दुमडली आणि रक्त घेऊन होईपर्यंत तिचा दुसरा हात धरून बसली.