डाव्या बाजूचा बोर्ड

"मॅडम गेल्या," रूपाली फोनवर म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिलं आलं ते, "अशा कशा जातील? गुरुवारी यायच्यात की!" रागच आला मला. महिना होत आला, अजून उतरलेला नाही.

मगदूम मॅडम तान्ह्या बाळांच्या फिजिओथेरपिस्ट. मी आठवीतून शाळा सोडून सोनं-चांदी गाळायच्या कामाला कोइमतूरला आलो, तो इथलाच झालो. बायको रूपाली, आई आणि पोरगी अन्वी विट्याजवळच्या गावात. अन्वी सातव्या महिन्यातच जन्मली, दीड महिना काचेच्या पेटीत होती. पुढं बसा-चालायला अडचण येऊ शकते, आत्तापासून व्यायाम हवा, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, बाई येतील, हातपाय हलवतील, जातील. कसलं काय! पहिल्याच गुरुवारी आईला म्हणाल्या, "आजी, तुम्ही करा. मी आठवड्यातनं एक तास. बाकीचे दिवस कोण?"

"मग तुमी कशाला येताय?"

"तुम्हाला ओरडायला."

आणि खरंच ओरडायच्या. न्हाऊ घालताना असं धरा, पांगुळगाडा आणलात तर चुलीत घालीन... मलाही सोडलं नाही. रोज सकाळी मी व्हिडिओ कॉल करायचा. अन्वी पालथी, फोन जमिनीवर, माझं तोंड बघायला तिनं मान उचलायची. "अहो बाबा, तोंडाला कुलूप घातलंय का? गाणं म्हणा!" भट्टीपाशी उभा राहून मी बडबडगीतं म्हणायचो, कारागीर फिदीफिदी हसायचे.

मान उचलली तेव्हा आम्ही खूश. मॅडमनी कपाळावर हात मारला. पोरगी उजवीकडंच वळायची, डावी मूठ उघडायची नाही. "ती बाजू मुळातच कमजोर, आणि तुम्ही तिला सुट्टी दिलीत!" कारण फोन रोज उजवीकडं, चार्जरची वायर तिथवरच पोचायची. मग बाळाला फिरवून ठेवा की! पण तसं केलं तर डोकं उत्तरेला. आई म्हणाली, "माझ्या नातीचं डोकं उत्तरंला? न्हाई म्हंजे न्हाई." वैतागून मॅडमनी पुढच्या गुरुवारी घरचा एक्स्टेंशन बोर्ड आणला. त्यावर लाल मार्करनं लिहिलेलं : मगदूम. परत करणे.

एक दिवस व्यायाम चुकला तर आम्हाला फाडून खाणारी ही बाई. स्वतःच्या छातीत दुखतंय तर म्हणे, "पित्त आहे." दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत, आणि त्यातच गेल्या. काय म्हणायचं याला? आता आमचं बरोबर चाललंय का चुकतंय, कुणाला विचारू? इतक्या लांबून मला नुसती धास्ती...

परवा कॉल लावला. फोन डावीकडं, बोर्डाजवळ. अन्वी वळली, वायर धरून अशी ओढली की फोन आडवा. मला नुसता बोर्ड दिसत होता.

"आगं सोड! आत्याबाई, बघा की हिला!" रूपालीनं माझ्या आईला हाक मारली.

"कुठल्या हातानं ओढली?" मी ओरडलो.

मग आईचा आवाज, "डाव्या रं..."

समोर ती लाल अक्षरं. करतो की परत, मॅडम. कुणाला, तेवढं सांगायचं राहिलं तुमचं.