नानांच्या हातातला कासरा

माझे सासरे, नाना, शर्यतीच्या बैलाला कधी शिवी देत नसत. कानाशी तोंड नेऊन नुसतं "थांब राव" म्हणायचे. पेठच्या आसपास जत्रेला बैलगाड्यांचा घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, भरला की गाडा जुंपताना पुढून वेसण धरायला आधी नानांना हाक. भलेभले गडी तिथून लांब सरकत. बैल फुरफुरत असायचा आणि नाना त्याच्या डोळ्यांत बघत उभे.

घरात बोलणं बेताचंच. स्वयंपाकाचं कौतुक करायचं तर म्हणायचे, "आज भाकर जरा जास्त गेली." माझ्यासारख्या तोंडाळ सुनेशी त्यांचं जमलं, ते त्यामुळंच असावं.

पुढं वयानं हात सैल पडले. आधी दुधाची चरवी निसटली, मग धोतराची गाठ बसेना. एकदा गोठ्यात पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण घरानं धसका घेतला. "नाना, तुमी बसा," सुरू झालं. वैरण टाकू नका, बैलाजवळ जाऊ नका. सगळं मायेपोटीच. "आमी असताना त्यांनी का करायचं?" असं आमचे हे गावभर सांगायचे.

पुढच्या जत्रेत कमिटीनं नानांचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ, स्टेजवर खुर्ची. खाली घाटात दुसराच गडी वेसण धरून उभा. भोंग्यावर नानांचं नाव पुकारत होते आणि नाना मांडीवरच्या नारळाकडे बघत होते. घरी येताना जीपमध्ये एवढंच बोलले, "बरं झालं. सोडचिठ्ठी मिळाली."

त्यानंतर ओसरीवरची खाट आणि समोरची भिंत. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. "भूक न्हाई गं." दाढीही करू देईनात. दंड माझ्या मनगटाएवढा झाला. मंचरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगातली ताकद गेली म्हणून मन खचलंय, आणि मन खचलंय म्हणून अन्न जात नाही, ताकद येत नाही. गोळ्या देतो, पण त्यांना उठवा, चालवा, झेपेल ते काम द्या. गोळ्या मनासाठी आहेत हे कळल्यावर हे उसळले. "आमच्या नानांला काय येड लागलंय?" गोळ्या कधी आणल्याच नाहीत.

मला राहवलं नाही. गोठ्यातलं लहान गोऱ्हं खाटेपाशी आणलं आणि त्याचा कासरा नानांच्या हातात दिला. "जरा धरा, मी झाडून घेते." गोऱ्हं ओढायला लागलं तसे नाना उठून बसले. "थांब राव," म्हणाले. किती महिन्यांनी ऐकलं मी ते. रोज असं चाललं, भाकरीही वाढली. मग एका दुपारी ह्यांनी बघितलं. "पाडायचंय का त्यांना?" म्हणत कासरा काढून घेतला. नानांचा हात तसाच उघडा राहिला. मी खूप भांडले. गोऱ्हं काही परत ओसरीवर आलं नाही.

थंडी संपायच्या आत नाना गेले. गाव म्हणालं, सोन्यासारखं मरण आलं, कुणाला त्रास नाही. तिरडीवर डोक्याला तोच सत्काराचा फेटा बांधला. मला तेव्हा फार राग आला होता. अजून आहे.

परवा हे पाण्याची बादली घेऊन गोठ्याकडे निघाले होते. साठी ओलांडलीय, हात कापतो आता. मुलानं पुढं होऊन बादली घेतली, "अण्णा, तुमी बसा." ह्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं.

मी बादली मुलाच्या हातातून काढून घेतली आणि ह्यांच्या हातात परत दिली.