नावाआधीची जागा

नांदेडच्या नव्या ऑफिसची पाटी रंगवून घेत होतो. टर्पेंटाइनचा वास नाकात शिरला आणि मी थेट लातूरला, आमच्या पहिल्या पाटीसमोर जाऊन उभा राहिलो.

शेती सल्ल्याच्या त्या धंद्याला काहीतरी अर्थ असलेलं नाव हवं म्हणून आम्ही दोघं महिनाभर भांडलो होतो. शेवटी वैतागून मी पेंटरला म्हणालो, "लिहा, दिगंबर सल्ला केंद्र." दिगंबर म्हणजे माझा भागीदार, बाजूलाच चहा पीत उभा.

माणसाचं नाव ऐकून पेंटरनं सवयीनं विचारलं, "आधी 'कै.' टाकू ना?"

"आरं, जित्ता हाय मी!" दिगंबर इतका हसला की चहा शर्टावर सांडला. "पण जागा सोडून ठेव. कधी ना कधी लागंलच."

पेंटरनं खरंच दोन बोटं जागा सोडली. तेव्हा आम्हाला त्याचंही हसू आलं.

दिगंबरला जाऊन सहा वर्षं झाली. ती जागा अजून कोरीच आहे. लांबून आलेला एखादा शेतकरी विचारतो, "दिगंबरभाऊ हायत का?" मी म्हणतो, "बाहेर गेलेत."

"साहेब, नावाआधी काही टाकायचं का?" नांदेडचा पेंटर विचारत होता.

"नको," मी म्हणालो. "जागा तेवढी सोडा."