चोवीस तासांचा पाठ

साळवे वकीलसाहेबांची आणि आमच्या घराची ओळख भांडणाने झाली, आणि भांडत होती माझी माय. मी तेव्हा नववीत होते. चौसाळ्याजवळच्या आमच्या गावातला सरकारी हापसा बडे जमीनदार आबासाहेब आपल्या कुंपणात घेऊन बसले होते. माझ्या थोरल्या भावाने ग्रामसभेत त्याबद्दल विचारले. आबासाहेबांनी तक्रार केली आणि पोलिसांनी भावाला उचलले. दोन दिवस झाले, ना कोर्ट ना कागद. माय मला घेऊन अंबाजोगाईला साळवे सरांकडे आली.

"येतो की. पण ठाण्यात कलम तुमी सांगायचं, म्या न्हाई," सर म्हणाले.

"कावून? वकील तुमी का म्या?" माय कडाडली.

"हक्क तुमचा हाय, माय. म्या नुसता सोबतीला."

सरांची ही रीत जिल्ह्यात ठाऊक आहे. पक्षकाराने कलम आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय ते वकीलपत्रावर सही घेत नाहीत. एसटीत त्यांनी मायकडून ते घोकून घेतले. ठाण्यात ती कलमाचा नंबर साफ विसरली, पण बोलली ठणठणीत, "धरलेल्या मानसाला चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करायचं असतंय. संविधानात लिहिलंय. माझं पोरगं परवापासून हितं हाय." त्याच दुपारी भाऊ कोर्टापुढे उभा राहिला, जामिनावर सुटला आणि रात्री घरी जेवला. वकील व्हायचे मी त्या दिवशीच ठरवले.

पुढे मी सरांचीच ज्युनिअर झाले. माझ्या पहिल्या युक्तिवादाला सर मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. मला वाटले, लागली डुलकी. बाहेर येताच त्यांनी माझ्या सात चुका ओळीने सांगितल्या आणि मग भजी खाऊ घातली.

पण सर मला खरे कळले ते काही वर्षांपूर्वी, आबासाहेबांच्या पत्नी ऑफिसात आल्या तेव्हा. एका आंदोलनात त्यांच्या मुलाला पोलिसांनी धरले होते आणि तिसरा दिवस उजाडला होता. मी सरांना बाजूला घेऊन सांगितले, "हे काम मी करणार नाही." मला राग होता, आणि खरे सांगते, थोडा आनंदही झाला होता.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "कलमात 'प्रत्येक व्यक्ती' असं लिहिलंय. त्यातून एकाला वगळायचं असंल, तर आदी तुझ्या भावाला वगळ."

मी अर्ज लिहायला बसले. सरांनी रीतीप्रमाणे बाईंना कलम सांगायला लावले. त्या पहिल्याच शब्दाला अडल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माय त्या दिवशी डोळे तपासायला आली होती आणि कोपऱ्यात डबा घेऊन बसली होती. ती उठली तशी मला वाटले, आता भांडण होणार. ती सरळ बाईंच्या शेजारी जाऊन बसली.

"म्हना बाई माझ्यामागं. धरलेल्या मानसाला..."

बाई म्हणू लागल्या. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मुलाला त्याच दिवशी कोर्टापुढे आणले गेले.

सरांनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांचे गुडघे आणि त्यांचा आवाज असेच खणखणीत राहोत, आणि आमच्या चुका मोजायला ते शंभरीतही मागच्या बाकावर असोत. हा लेख मी मायला वाचून दाखवला. तिचा निरोप जसाच्या तसा देते: "वकीलसाहेबाला सांग, लई जगा. कलम अजून पाठ हाय. नंबर तेवढा इसरते, पर आता त्या बाई आन म्या, दोघी हाव म्हनायला."