बांगडीतल्या चार पिना

ईशा, काल तुझ्या जॅकेटला सेफ्टी पिना दिसल्या आणि मला मुलुंडचा तो कॉलेज हॉल आठवला. तुझे आजोबा तेव्हा मित्रांच्या बँडमध्ये गिटार वाजवत. आधी त्यांची पंक गाणी असत, म्हणजे दोन मिनिटांची आरडाओरड आणि शर्टभर पिना. त्या दिवशी पहिल्यांदाच स्पर्धेत हार्ड रॉक, म्हणजे जरा लांब, दणदणीत गिटारची गाणी वाजवायची होती, म्हणून पिना घरी ठेवून सगळे नीटनेटके आले होते. नाव पुकारलं आणि गिटारचा पट्टा तुटला.

“पुढच्यांना बोलवू का?” आयोजक ओरडले.

मी बांगडीला अडकवलेल्या चार पिना काढल्या आणि पट्ट्याची तुटलेली टोकं त्यांच्या खांद्यावर जोडू लागले. “अहो, हलू नका.”

“वहिनी, टोचतील ना त्याला!” ड्रम वाजवणारा विलास म्हणाला.

“टोचू देत. आवाज चढेल.”

तापलेल्या अँप्लिफायरचा वास अजून नाकात आहे, पण गाणं मी ऐकलंच नाही. माझी नजर पिनांवर होती. टाळ्या पडल्या तेव्हा श्वास सोडला.

पुढे बँड गाजला, पण आजोबांनी तो पट्टा कधी बदलला नाही. काल गिटार काढून पाहिली. पिना गंजल्या आहेत, पण एकही सुटलेली नाही.