सुतळीचा उलटा गोळा

संप मिटला असं कुणी सांगितलंच नाही, गिरणी मात्र बंदच राहिली. नवरा घरात बसून भिंतीकडे बघायचा, म्हणून मी शिवडीच्या एका गोदामात कामाला लागले. तिथे सुकं गवत दाबून गासड्या करायचे, बकऱ्या नेणाऱ्या जहाजांसाठी. मशीन जुनाट, कुठल्यातरी सरकारी शेतावरून भंगारात उचललेलं. गवत दाबायचं झकास, पण सुतळीची गाठ मारायची वेळ आली की बोंब. दर तिसरी गासडी सुटायची. सुटलेल्या गासड्या हाताने बांधायला मला ठेवलं होतं. घर त्यावरच चालत होतं.

बिघाड मला पहिल्याच दिवशी कळला. सुतळीच्या गोळ्याचं टोक आतून काढायचं असतं, हे दीडशहाणे बाहेरून ओढत होते. त्याने पीळ सुटतो, सुतळी सैल पडते, गाठ धरत नाही. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात चौदा वर्षं सूत हाताळलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. पण बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मी घरी. गासड्या बांधत राहिले.

फिटर आले नि गेले. एकाने गाठ मारणारी चोच कानशीने घासून पार झिजवली, दुसऱ्याने ग्रीस माखून ठेवलं आणि चहा पिऊन गेला. तिसरा आला तो आमच्याच गिरणीतला. हा माणूस पहिल्यापासून माझ्या डोक्यात जायचा. खात्यात मशीन अडलं आणि आपण काही सांगायला गेलं, की म्हणायचा, बायकांनी सूत जोडावं, अक्कल पाजळू नये. आता तोच खाकी पिशवी घेऊन शेठपुढे वाकून उभा. शनिवारपर्यंत मशीन चाललं तर कायम, नाहीतर चालू पडायचं, असं शेठने त्याला सांगितलं.

चार दिवस तो मशीनखाली लोळला. स्प्रिंगा बदलल्या, सुरी घासली, नटबोल्ट आवळून आवळून घामाघूम झाला. मी गवतावर बसून मजा बघत होते. तीन हातांवर पडलेल्या गोळ्याकडे त्याने एकदाही वळून बघितलं नाही. ही जमातच तसली, लोखंडापलीकडे काही दिसत नाही.

शनिवारी दुपारी तो माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "बाई, सूत तुम्हाला कळतं. माझं काय चुकतंय?"

उभ्या आयुष्यात बाईमाणसाला त्याने पहिल्यांदाच काही विचारलं असेल. मी म्हटलं, "मला काय ठाऊक."

संध्याकाळी त्याने पिशवी आवरली. शेठ नको नको ते बोलला. तो दारापर्यंत गेला आणि मागे वळून शेठला म्हणाला, "मशीनचं जाऊ द्या. या बाईला सोडू नका, अशी गाठ बांधणारी मिळायची नाही."

मला त्याचा असा संताप आला. मेल्याने जाताना निदान एक शिवी तरी हासडायची होती. शेठने त्याचं ऐकलं, आणि त्या गोदामात माझी नोकरी पुढे सहा वर्षं टिकली.